शून्याचा रकाना

सकाळी धुकं हटेपर्यंत माशी उडत नाही.
तोवर मी दगडावर बसून
व्हर्नियर पुसते, पेन्सिलीला टोक काढते
आणि आईचं मासेरूहून आलेलं बोलणं चघळते:
लिम्फो, इतकं शिकून
तू डोंगरावर माश्या मारत बसलीस?

मारत नाही, आई. मोजते.
जाळीत धरते, बर्फाच्या डब्यात दहा मिनिटं निजवते,
मग चिमट्यानं सोंड सरळ करते:
एकतीस पूर्णांक चार मिलिमीटर.
अंगापेक्षा लांब.
उडताना ती पोटाखाली धरून नेते,
काखोटीला छत्री मारून निघालेल्या मास्तरांसारखी.

मग तळहातावर ठेवते.
आधी काहीच नाही.
मग छातीत कुठेतरी मोटार सुरू होते,
पंख न उघडता ती थरथरते,
माझ्याच उबेवर तापते
आणि जाते.
या क्षणाला माझ्या प्रबंधात प्रकरण नाही.

पांढऱ्या फुलाची नळी तेहतीस.
पलीकडच्या खोऱ्यात नळ्या आखूड, सोंडाही आखूड.
कुणी कुणाला ओढत नेलं एवढं लांब?
यानेके म्हणते, दोघांनी.
ती माखांडात, खिडकी नसलेल्या खोलीत
माझ्या आकड्यांची गणितं मांडते.
तिची फेलोशिप जूनपर्यंत, माझी मार्चपर्यंत.
पुढच्या अर्जात कुठे माशी शिंकली कोण जाणे,
उत्तरच आलेलं नाही.

आमचा तक्ता साधा आहे.
आडव्या ओळीत माश्या, उभ्या रकान्यात फुलं.
गाठ पडली तिथे एक, नाही तिथे शून्य.
बहुतेक शून्यंच.
त्यातली काही ‘ती आली नाही’ची
आणि काही ‘मी पाहिलं नाही’ची.
लिहिताना दोन्ही सारखीच गोल येतात.

मोत्लात्सी चौदा वर्षांचा.
करडं ब्लँकेट, गमबूट, साठ मेंढ्या,
आणि कुत्रं, ज्याचं नाव तो सांगत नाही.
तो म्हणाला, ती माशी
कपारीमागच्या गुलाबी फुलावरही जाते.
गुलाबी फुलाची नळी नऊ मिलिमीटर.
मी हसले.
उंटानं बशीतून चहा प्यावा, तसं झालं हे.
तो नाही हसला.
म्हणाला, तू तिकडे बसतेस कुठे?

म्हणून बसले.
पहिल्या दिवशी गारा.
दुसऱ्या दिवशी ऊन, मुंग्या, एक भुंगा, पाठदुखी.
तिसऱ्या दिवशी चार वाजून दहा मिनिटांनी
सत्तेचाळीस नंबरच्या झाडाशी
ती हवेतच थांबली,
लांबूनच सोंड टेकवली,
जराशी वाकडी होऊन,
आणि प्यायली.

मी शून्य खोडलं.
इतक्या जोरात, की कागद पातळ झाला
आणि पलीकडून माझं बोट दिसायला लागलं.
तिथे एक लिहिला.

रात्री टेकडीवर चढून, जिथे फोनला रेंज येते तिथून,
यानेकेला कळवलं.
उत्तर आलं: एकच? एकानं आलेख हलत नाही.
मिनिटभरानं दुसरं आलं:
कशी प्यायली, सांग ना.

सकाळी सत्तेचाळीस नव्हतं.
बुंध्याशी ओला, तिरपा छाट,
आसपास लेंड्या.
मोत्लात्सी जरा दूर उभा होता, ब्लँकेट नाकापर्यंत ओढून.
मग त्यानं मूठ उघडली.
चावलेली पत्र्याची पट्टी.
चार आणि सात अजून वाचता येत होते.

मेंढीच्या दातांसाठी मी रकाना आखलेला नाही.
वहीच्या कडेला लिहिलं: मेंढी. तारीख.
पट्टी खिशात टाकली.

कपारीच्या वरच्या अंगाला
तसलीच आणखी दोन झाडं आहेत म्हणतो.
धुकं पुन्हा उतरायला लागलंय.
मी डबा उचलते.
तो पुढे, कुत्रं त्याच्या पुढे,
आणि या वेळी मी हसत नाही.